साहेबाचा पाहुणचार

साहेब येणार म्हणून अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात सकाळपासून नुसती झुंबड उडाली होती. येणार कशाला, तर जयवंतीला घर नाही आणि तिचा नवरा आत्माराम टीबीनं खंगलाय, हे डोळ्यांनी बघायला. म्हणजे तालुक्याहून खास गरिबी बघायला येणार. आणि कोळीवाडा असा शहाणा, की पाहुण्यापुढं गरिबी तेवढी ठेवायची नाही!

जयवंतीचं कुडाचं घर श्रावणातल्या उधाणानं ओढून नेलं होतं. तेव्हापासून नवराबायको शेजारच्या आल्बिनाच्या जाळी ठेवायच्या पडवीत पडली होती. मागच्या बाजूला भिंतीऐवजी ताडपत्री. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, गोळ्या आम्ही देऊ, पण माणूस वाचायचा तर कोरडी, हवेशीर खोली पाहिजे. गोळ्या फुकट होत्या. खोली काही दवाखान्याच्या खिडकीतून मिळत नव्हती. म्हणून सरकारी घरकुलासाठी अर्ज, आणि अर्जामागोमाग हे साहेब.

"ह्या घानीत बसवनार त्याला?" आल्बिनानं कमरेवर हात ठेवले. "गावाची शोभा करतंस काय गो?"

"अगो, तो हीच घान बघाया येतंय!" जयवंती म्हणाली.

"बघू दे ना. पन बसल कशावर? तुझ्या डोक्यावर?"

झालं! आल्बिनाच्या घरचा पलंग आला, त्यावर तिच्या लेकीच्या लग्नातली चादर आली. पलीकडच्या घरातल्या पुतळाबाईनं टीव्ही आणून ठेवला. पडवीत विजेचा पत्ता नव्हता, पण टीव्ही असला की खोलीला वजन येतं म्हणे. ताडपत्रीवर फुलाफुलांचा पडदा चढला. आत्मारामची दाढी झाली, मिशीला कलप लागला, अंगात इस्त्रीचा सदरा आला. जयवंतीला हे सगळं उलटं चाललेलं दिसत होतं. पण इतक्या मायेनं आणलेला पलंग परत ने म्हणायला तिची जीभ रेटेना.

"आनि आयक दादा," पुतळाबाईनं आत्मारामला दटावलं, "पावन्यासमोर खोकू नको. बरा नाय दिसत."

साहेब आला, पलंगावर ऐसपैस बसला. त्याच्यापुढं तळलेली पापलेटं आली, तांदळाची भाकरी आली. आत्माराम समोर ताठ बसून हसत होता आणि खोकला गिळत होता. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. 'खोक रे बाबा, एकदा तरी खोक!' जयवंती मनात देवाला आळवत होती. जन्मात बायकोचं न ऐकलेला माणूस, आज शेजारणीचा शब्द पाळत बसला.

साहेबानं हात धुतले, टीव्हीकडे नजर टाकली. "छान संसार आहे की! आणि पेशंट तर माझ्यापेक्षा ठणठणीत."

आता मात्र जयवंतीचा धीर सुटला. "साहेब, ह्यातला माझा काय नाय! पलंग हिचा, टीवी तिचा. मी नेसलंय ता लुगडं पन मागून आनलंय!" तिनं पडदा ओढून खाली पाडला. मागं फाटकी ताडपत्री फडफडत होती. आणि इतका वेळ कोंडलेला आत्मारामचा खोकला असा फुटला, की साहेब नाकाला रुमाल लावून थेट अंगणात.

पण सरकारी डोकं ते! अंगणातूनच म्हणाला, "बाई, मग तर प्रश्नच मिटला. एवढी माणसं तुमच्या पाठीशी आहेत. तुम्ही निराधार कशा? योजना ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी आहे." आणि उभ्या उभ्या शेरा मारला: शेजाऱ्यांचा भक्कम आधार आहे. जाताना बायकांनी सवयीनं पुढं केलेली सुकटीची पिशवी मात्र त्यानं नाकारली नाही.

पुतळाबाई डोळ्याला पदर लावून बसली. "माझ्या टीवीनं घात केला गो!"

"टीवीनं नाय," जयवंती कडाडली. "तुमच्या अब्रूनं केला. माझा घर खाल्ला तुमच्या अब्रूनं!"

आल्बिनानं पलंगावरची चादर काढून घडी घातली. मग म्हणाली, "लिवलंय ना त्यानं, आधार हाय म्हनून? मंग सरकारला खोटा कशाला पाडायचा?"

भांगाच्या दिवसांत, भरतीचा जोर ओसरून होड्या किनाऱ्याला लागल्या तेव्हा, गड्यांनी जयवंतीच्या घरासाठी बांबू रोवले. बायकांनी कुडाच्या भिंती लिंपल्या, कुणी जुनी कौलं उतरवून दिली. समुद्राच्या अंगाला खिडकी ठेवली. छप्पर चढलं त्या संध्याकाळी जयवंती ओल्या भुईवर बसून रडली, आणि रडता रडता हसलीही. सरकारी शेरा शब्दन्‌शब्द खरा ठरल्याचं तालुक्यातलं ते पहिलंच उदाहरण असावं.