न केलेली सही

दारापलीकडून प्रियदर्शनीचं हसू ऐकू आलं आणि माझा जीव जळला.

डिसेंबरात अकोल्याहून घरी आणल्यापासून माझी लेक माझ्याशी 'हं' आणि 'उंहू' यापलीकडे बोलत नव्हती. जेवण सोडलं होतं, पुस्तकं सोडली होती. अमरावतीच्या या समुपदेशक अनुपमा मॅडमशी मात्र दर शनिवारी पाऊण तास बोलायची. सकाळची शाळा आटोपून नांदगाव खंडेश्वरहून तिला बसनं आणायची मी, बाहेर बाकावर बसायची मी, आणि हसू त्या बाईंना!

"काय म्हनते हो ती?" मी एकदा विचारलंच होतं.

"ते तिचं आहे, आशाताई. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल."

मी वीस वर्षं मास्तरीण आहे. पोरगं वर्गात काय बोललं ते मी संध्याकाळच्या आत आईबापाला कळवते. मॅडमचा असा राग आला की घरी पोचले तरी उतरला नाही.

चूक माझीच होती एवढं कळत होतं. कोणती, ते कळत नव्हतं. दहावीला ब्याण्णव टक्के पडले म्हणून तिला डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेच्या क्लाससाठी अकोल्याला जठारपेठेतल्या एका होस्टेलवर मीच ठेवलं. पण दर रविवारी दोन बस बदलून, पाटवड्यांचा डबा घेऊन जातही होते ना! वर जायची पालकांना बंदी. खाली वॉचमन चंद्रभानभाऊ रजिस्टर पुढे करायचे. त्यात सही केली की मुलगी अर्धा तास खाली यायची.

मी एकदाही सही केली नाही. भेटली की रडेल, मग चार दिवस अभ्यासात लक्ष लागणार नाही, असं मनाला समजावायची. खरं सांगायचं तर तिला रडताना पाहिलं असतं तर मीच तिला घरी घेऊन आले असते, इतकी मला तिची आठवण यायची. डबा वॉचमनकडे द्यायचा आणि समोरच्या रसवंतीवर बसायचं. एक ग्लास तासभर पुरवायचा. तिसऱ्या मजल्यावर निळा पडदा होता. ती खोली हिची, असं मीच ठरवून टाकलं होतं, आणि तिकडेच बघत राहायचे. शेजारच्या खिडकीच्या गजांना कुणीतरी पिवळी ओढणी बांधलेली असायची. भर रस्त्यावर फडफडत! या पोरीच्या आईनं तिला काही वळण लावलं नाही, असं मी रसवंतीवाल्यालासुद्धा म्हणाले होते.

मॅडमच्या खोलीचं दार उघडलं.

"आई, आत ये."

दोन महिन्यांतलं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य. मी आत जाऊन बसले.

"तू सही कावून नव्हती करत?" प्रियदर्शनीनं खाली बघतच विचारलं.

"तुह्या अभ्यासाचं नुकसान झालं असतं, माय."

"मी वरून पाहत होती. तू तासभर रसवंतीवर बसून राहायची, अन् माह्याकडे पाहायचीच नाही."

"पाहत नव्हती? त्या निळ्या पडद्याकडे पाहून पाहून डोळे दुखले माहे!"

"आई, ती तर वॉर्डनची खोली होय." आता तिनं मान वर केली. "माही बाजूची. दर रविवारी माह्या रूममधल्या नीलमची पिवळी ओढणी बांधत होती मी खिडकीले. तुले दिसावी म्हणून."

चौदा रविवार. चौदा रविवार मी त्या ओढणीच्या आईला नावं ठेवत होते.

तेच मी तिला सांगितलं, जसंच्या तसं, रसवंतीवाल्याला बोलले तेसुद्धा. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, तेच दारापलीकडचं हसू. हसता हसता रडायला लागली, आणि मीही.

जरा वेळानं मी पर्समधून पेन काढलं.

"सही कुठी करू, सांग."

तिनं तळहात पुढे केला. मी त्यावर सही केली, शाळेत करते तशी, खाली तारीख टाकून.