हळदीचा पट्टा

ऑल्डरबीला शहराचा दर्जा मिळाला आणि काउन्सिलला पहिली आठवण झाली ती झेंड्याची. रस्त्यांवरचे खड्डे तसेच होते, लायब्ररी उघडी कमी आणि बंद जास्त असायची, पण झेंडा हवा होता. ते काम ऋजुता साठेच्या कंपनीकडे आलं आणि कंपनीनं ते तिच्या गळ्यात मारलं. ऋजुता पुण्याची, ग्राफिक डिझायनर. नोकरीसाठी म्हणून इथं, उत्तर इंग्लंडात, आली होती आणि रमलीही होती.

तिनं काढलेला झेंडा साधा होता. वर निळं आकाश, खाली गावामागच्या माळाचा हिरवा पट्टा, मधून वाहणारी पांढरी नदी. लांबून ओळखू यावा आणि शाळेतल्या मुलाला आठवणीनं काढता यावा, एवढंच तिच्या मनात होतं. कमिटीला मात्र त्यात अख्खं गाव कोंबायचं होतं. कुणाला कॅथीड्रल हवं, कुणाला गिरणीचं धुराडं, अध्यक्षांना मेंढी. मेंढीनं डावीकडे बघायचं की उजवीकडे, यावर दोन मीटिंगा खर्ची पडल्या. लहान आकारात ती मेंढी ढगासारखी दिसते, हे ऋजुतानं कागदावर दाखवलं तेव्हा कुठे तिचा पिच्छा सुटला.

मग एक बाई म्हणाल्या, "पण हिरवा तर मार्स्टनचा!"

मार्स्टन हे शेजारचं शहर. तिथला फुटबॉल क्लब, ऑल्डरबीच्या क्लबचा जुना वैरी, हिरव्या जर्सीत खेळतो. टेबलाभोवतीची ती सगळी शहाणी माणसं अशी दचकली, जणू ऋजुतानं त्यांना शिवीच दिली होती. लाल एका पक्षाचा, पिवळा दुसऱ्याचा. जांभळा अध्यक्षांच्या पत्नीला आवडत नाही. उरला केशरी. चहा निवायच्या आत माळ केशरी झाला, आणि आपण काहीतरी थोर केलं अशा चेहऱ्यानं सगळे बिस्किटं खाऊ लागले.

कमिटीवर यतीन मोहरील होता. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, मागच्या इलेक्शनला काउन्सिलर झालेला. मीटिंगमध्ये तो अवाक्षरही बोलला नव्हता. नंतर कारपार्कमध्ये त्यानं ऋजुताला गाठलं.

"ऋजुता, हा केशरी म्हणजे लॉटरी आहे गं. हळद! इथल्या हॉस्पिटलमध्ये आयुष्य घालवलेल्या आपल्या डॉक्टरांचा रंग. वेबसाइटवर हिस्टरीचं पान आहे ना, तिथे हेच टाकू."

"तो मार्स्टनमुळे आलाय. तू तिथेच बसला होतास."

"ते कोणाला सांगायचंय? लोकांना स्टोरी लागते."

"आणि हळद केशरी नसते, यतीन."

"इथल्या लोकांना काय कळतंय त्यातलं!" तो हसत गाडीत बसला.

स्टोरीला चेहरा हवा म्हणून त्यानं डॉक्टर वीणा तांबे शोधून काढल्या. सत्तरच्या दशकात त्या सांगलीहून इथे आल्या आणि रिटायर होईपर्यंत इथल्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. उद्घाटनाच्या पुस्तिकेसाठी त्यांचा फोटो हवा होता, म्हणून ऋजुता त्यांच्या घरी गेली.

वीणाताईंनी नवी साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली होती. चहा ओतताना त्या म्हणाल्या, "खरं सांगू? त्या हळदीच्या पट्ट्याचं ऐकून मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत या गावानं असं कधी काही केलं नव्हतं. कोणाला सुचलं गं हे? तुला?"

ऋजुतानं गप्प बसायचं ठरवलं होतं. पण त्या साडीकडे बघून तिला राहवेना. तिनं सगळं सांगितलं, अगदी मेंढीसकट.

वीणाताईंनी कपातला उरलेला चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी नवी होते तेव्हा पेशंट तोंडावर विचारायचे, खरा डॉक्टर कधी येणार? राग यायचा. पण तो अपमान तरी खरा होता."

"तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी सांगते त्यांना."

"का नाही येणार? फोटो काढ तू."

उद्घाटनाला टाउन हॉलसमोर गर्दी जमली होती. वारा इतका होता की झेंडा दोरीला गुंडाळून बसला आणि शिपायाला तो काठीनं सोडवावा लागला. यतीननं भाषण केलं. हळद, सेवा, त्याग, ऋणानुबंध, एकही शब्द त्यानं सोडला नाही. अध्यक्ष डोळे मिटून मान डोलवत होते. केशरी रंग आपणच बायकोच्या धाकानं निवडला हे ते बहुधा विसरलेही होते. शेवटी यतीननं वीणाताईंना हात धरून मंचावर आणलं आणि त्यांच्यासमोर माइक धरला.

"तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी झोपवलंय," वीणाताई इंग्रजीत म्हणाल्या. लोक हसले. "म्हणून आज तुम्ही जागे असताना सांगते. हा पट्टा माझ्यासाठी नाही. तो हिरवा होता. हिरवा मार्स्टनचा, म्हणून यांनी तो बदलला."

मग मागून कुणीतरी आरोळी ठोकली आणि सगळा चौक टाळ्यांनी आणि शिट्ट्यांनी दणाणला. ऑल्डरबीच्या क्लबचं गाणं सुरू झालं. यतीनही हसत टाळ्या वाजवू लागला.

पायऱ्या उतरताना वीणाताई त्याला मराठीत म्हणाल्या, "भूल द्यायला शिकायला मला सात वर्षं लागली. तू शिकल्याशिवाय हात घालू नकोस."

ऋजुताला हसू आलं, पण ते टिकलं नाही. चौक नाचत होता तो मार्स्टनची जिरवली म्हणून. या बाईंनी इथे काय काम केलं, हे एकानंही विचारलं नाही. वीणाताई गर्दीतून वाट काढत एकट्याच बसस्टॉपकडे निघाल्या, तेव्हा ऋजुतानं धावत जाऊन त्यांना गाठलं.

पुढच्या आठवड्यात वेबसाइटवरचा इतिहास बदलला. हळद गेली. 'नागरिकांच्या क्रीडाप्रेमाचा मान राखून, काउन्सिलर मोहरील यांच्या सूचनेवरून केशरी रंग स्वीकारण्यात आला.'

यतीनचा फोन आला. "बघ, तुझं ट्रूथच टाकलं. आता तरी खूश? मॅचला सगळे झेंडे विकले गेले!"

"तू मीटिंगमध्ये तोंडही उघडलं नव्हतंस."

"डीटेल्स गं, डीटेल्स."

तिनं फोन ठेवला. बॉसकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, क्लायंट खूश आहे ना, मग झालं.

रविवारी वीणाताईंनी तिला जेवायला बोलावलं. ताटं वाढता वाढता त्यांनी आपला मोबाइल तिच्यापुढे धरला. यतीनचा मेसेज होता. पुढच्या इलेक्शनच्या पत्रकावर त्याला वीणाताईंचा फोटो हवा होता. 'तुम्ही म्हणजे आता ऑल्डरबीची लेजंड!'

"नंबर ब्लॉक कसा करायचा असतो?" वीणाताईंनी विचारलं.

ऋजुतानं दाखवलं. बटण मात्र त्यांनी स्वतः दाबलं, आणि मग दोघी जेवायला बसल्या.