कडूबाची परात

“मासे जेवत न्हाईत म्हणून तुम्हीबी जेवणार न्हाई का, भावजी?” मी शेततळ्याच्या बांधावरून विचारलं.

कडूबाने मागे वळून पाहिलं नाही. एका हातात पितळी परात, दुसऱ्या हातात पळी. तो परातीच्या काठावर ठोकत होता आणि पाण्याकडे बघत होता. एरवी पहिल्या ठोक्याला पाणी उकळल्यासारखं व्हायचं, रोहू आणि कटला तोंडं वर काढून कोपऱ्यात गर्दी करायचे. आज पाणी हललं नाही.

“असंच करून राह्यलेत, वैनी. रुसले जणू.”

“मासे रुसत असतात का?”

“तुम्हाला काय ठावं? तुम्ही नुसतं कालवण करता त्यांचं.”

मी हसले. तो हसला नाही. भिजवलेली पेंड त्याने पाण्यात ओतली. कालच्यापेक्षा जास्तच होती.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा माझा धाकटा दीर जेमतेम चालत होता. माझ्या नवऱ्यानंतरची भावंडं जगली नाहीत, म्हणून याला दृष्ट लागू नये यासाठी सासूने त्याचं नाव कडूबा ठेवलं. पुढे सासूच गेली, आणि पोराने खाणं सोडलं. मी त्याला मांडीवर घेऊन भाकरी कुस्करून भरवायची. तोंड फिरवलं की आणखी एक घास. आमच्या घरात आजारपणावर हे एकच औषध. म्हैस मलूल झाली तरी तिच्या जबड्यात गुळाचा गोळा कोंबायचा.

कडूबाचं लग्न काही जमलं नाही. अंकुशनगरला साखर कारखान्यावर हंगामी कामाला जायचा आणि हंगाम संपला की परत यायचा. असंच आयुष्य गेलं. कधी काही मागितलं नाही. माझ्या मुलाने, भारतने, मोसंबीच्या बागेसाठी शेततळं खोदून त्यात प्लास्टिक अंथरलं, तेव्हा मात्र हा पहिल्यांदा म्हणाला, “त्यात मासे सोडू का?” आणि माझ्या माहेरची परात मागून घेतली. कशाला, ते नंतर कळलं.

यंदा विहीर लवकर तळाला गेली. भारतने नव्या बोअरचं पाणी तळ्यात सोडलं. ते पाणी मचूळ आहे हे मला चुलीपाशीच कळलं होतं. तुरीची डाळ दुपारपर्यंत टणकच. विहिरीच्या पाण्यात तीच डाळ एका उकळीत फुलायची. मग ऊन असं तापलं की तळं रोज आटू लागलं. पाणी जिथून उतरलं तिथे प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायचे. काही उलटे तरंगू लागले. कडूबा ते गुपचूप मोसंबीच्या बुडाशी पुरायचा.

“काका, आहेत ते इकून टाकू,” भारत म्हणाला. “न्हाई तं एक दिस सगळेच उपडे पडतील.”

“वाढ कुठं झाली त्यांची? पावसापर्यंत दम धर. मी खुराक वाढवलाय.”

शेवटी भारतने साधनाला बोलावलं. साधना टेंभुर्णीकडची, मासळीचं शिक्षण घेतलेली. तिनेच आम्हाला माशांचं बीज दिलं होतं. तिने पाण्यात हात घातला, बाटलीत पाणी घेऊन तपासलं. मग लांब बांबूने तळ ढवळला. सडक्या अंड्यासारखा वास आला.

“काका, यांना खायला किती टाकता?”

“जेवत न्हाईत म्हणून दुप्पट.”

ती बांधावर त्याच्या शेजारीच बसली. “उन्हानं पाणी तापलं की माशांची भूक मरते. तुम्ही टाकलेलं खाली बसून सडतं. गरम पाण्यात आधीच हवा कमी, त्यात सडणारं तीच हवा खातं. वरून ह्या पाण्यातला खार. ऊन पाणी नेतं, खार मागं ठेवतं.”

“आमटी आटल्यावानी,” मी म्हणाले.

“बराबर, आजी.”

कडूबा पेंडीने माखलेल्या आपल्या बोटांकडे बघत होता. “म्हंजे मीच...”

“तुम्ही जीव लावला, काका.”

“जीव लावला अन् जीव घेतला,” तो म्हणाला आणि उठून बागेत गेला.

खाणं बंद झालं. तळ्यावर सावलीसाठी हिरवी जाळी आली. विहिरीचं उरलंसुरलं गोड पाणी भारत तळ्यात उंचावरून फवाऱ्याने सोडू लागला. दररोज कडूबा हात मागे बांधून काठावर उभा राहायचा. मासे पुन्हा फिरताना दिसू लागले. पण विहीर सगळ्यांना पुरणार नव्हती. साधना म्हणाली, “निम्मे काढले तरच निम्मे पावसापर्यंत टिकतील. पण सगळ्या तळ्यात जाळं ओढलं तर तळातली घाण वर येईल, मंग एकबी राहणार न्हाई. सगळे एका कोपऱ्यात आले तर...”

आम्ही सगळे कडूबाकडे बघायला लागलो.

“उपाशी हाएत,” तो म्हणाला. “येतील.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत जाळंवाले आले. कोपऱ्यात जाळं खाली सोडलं. कडूबाने परात घेतली. मी पाहिलं, ती रिकामी होती. त्याने पळी उचलली, तशीच धरून ठेवली.

“काका, जल्दी करा,” भारत हळू म्हणाला.

मग त्याने ठोकलं. पहिल्या ठोक्याला काहीच नाही. दुसऱ्याला पाण्यावर रेघा उमटल्या, चारी बाजूंनी, कोपऱ्याकडे येणाऱ्या. पाणी उकळल्यासारखं झालं. तोंडं वर आली. आणि जाळं उचललं गेलं.

उरलेले मासे पुढे पावसापर्यंत टिकले. कडूबा त्यांना थोडं थोडं हाताने टाकायचा, आवाज न करता.

पण त्या दिवशी मासे घेऊन टेम्पो गेल्यावर तो घरी आला. परात घासून स्वच्छ केली आणि चुलीपाशी, तिच्या जुन्या जागी, पालथी ठेवली. मी ताट वाढलं. विहिरीच्या पाण्यातलं वरण होतं. त्याने अर्धी भाकरी खाल्ली आणि हात थांबवला. माझा हात सवयीने भाकरीच्या टोपलीकडे गेला. मी तो मागे घेतला आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.