अदलाबदलीचा दांडा

जुने बेस गिटार घ्यायचे, दुरुस्त करायचे, लागले तर भाग बदलायचे आणि विकायचे, हा माझा धंदा. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. संसार म्हणजे आता मी एकटाच. मुलगी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि दुपारी डबा घेऊन येते. मी माझं करून खातो असं तिला सांगितलं होतं. तिने एकदा ओट्यावरची भांडी पाहिली आणि डबा सुरू केला.

मला वाजवता येत नाही. वाजवायची ती ही, माझी बायको. प्रत्येक बेस मी नीट करून तिच्या मांडीवर ठेवायचो. ती दोन मिनिटं वाजवायची आणि म्हणायची, "जाऊ द्या हा," नाहीतर, "अहो, अजून रडतोय." मग मी परत स्क्रू ड्रायव्हर घ्यायचो. ती गेल्यापासून मी माझ्या कानानेच ठरवतो. आत्तापर्यंत काही गिऱ्हाइकं बेस परत घेऊन आली. कोणी ओरडलं नाही. माझ्याकडे बघून ओरडवत नसेल.

तिचा स्वतःचा बेस आतल्या खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर आहे. त्याचा दांडा तिचा नाही, लांबडीचा आहे. बेसच्या या लांब भागाला गिऱ्हाइकं नेक म्हणतात, आमच्या घरात मात्र दांडाच. त्यावर डावा हात फिरतो, त्यावरच तारा दाबायच्या.

लांबडी म्हणजे हिची मैत्रीण. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, म्हणून हिनेच ते नाव ठेवलं. दोघींचे बँड वेगळे, पण सरावाची खोली एक. दोघींनी एकाच कारखान्याचे बेस घेतले होते. हिच्या नशिबी जाड दांडा आला आणि लांबडीच्या नशिबी बारीक. ही आपली हातभर उंचीची, तिच्या पंजात तो जाड दांडा मावायचा नाही. लांबडीच्या पंजात बारीक दांडा काडीसारखा वाटायचा.

एकदा जेवताना लांबडी म्हणाली, "भाऊजी, आमचे दांडे बदलून द्या की."

"लग्नातल्या साड्यांसारखे बदलता येतात होय?" मी म्हणालो.

"का नाही? चारच तर स्क्रू आहेत."

ते खरं होतं. दांडा बसायची खाच दोन्ही बेसना एकाच मापाची. ताटं उचलायच्या आत बदलून झाले. मग दोघींनी मला साक्षीला धरून ठरवलं, की जिला लागेल तिने आपला दांडा मागायचा आणि दुसरीने कुरकुर न करता द्यायचा. पुढे कोणीच मागितला नाही. हिने त्या दांड्यावर सगळं आयुष्य वाजवलं. मागच्या बाजूला, जिथे तिचा अंगठा टेकायचा, तिथलं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं आहे. ते दगडासारखं गुळगुळीत लागतं. येताजाता माझा हात तिथे जातो.

पावसाळा संपता संपता लांबडी दुकानात आली. खांद्याला बेसची पिशवी, डाव्या अंगठ्याला पट्टा.

"सांधा गेलाय, भाऊजी. डॉक्टर म्हणतो जाड वस्तू आवळून धरायची नाही. पाण्याची बाटली डाव्या हाताने उघडू नका म्हणतो. मी म्हटलं बाटलीचं सोडा, बेसचं बोला." ती स्टुलावर बसली. "शनिवारी त्या हॉटेलात वाजवते ना, तेवढंच उरलंय मला. गेल्या शनिवारी मध्येच थांबावं लागलं. ड्रमवाला माझ्याकडे बघतोय, मी भिंतीकडे बघतेय."

मला काय येणार ते कळलं होतं.

"माझा बारीक दांडा द्याल का?" ती म्हणाली. "तिला लागत होता तोवर मी तोंडातून शब्द काढला नाही. आता मला लागतोय."

मी म्हणालो, "ठेवून जा. बघतो. लाकूड बसायला जरा वेळ लागतो."

लाकूड बसायला वेळ वगैरे काही लागत नाही. ते आम्ही गिऱ्हाइकाला थोपवायचं असलं की म्हणतो.

ती गेल्यावर मी आधी वेगळा मार्ग बघितला. तिच्या बेसवरचा जाड दांडा तासून बारीक करता येईल का? माप घेतलं. दांड्याच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तारांच्या ओढीने दांडा वाकू नये म्हणून. हव्या त्या मापाला आणायचा तर सळई बाहेर डोकावली असती. शिवाय तो दांडा मूळचा हिचाच होता. त्यालाही रंधा लावायला हात धजेना.

मग मला रॅकच्या खालच्या फळीवरचा एक फुटका बेस आठवला. कारखाना तोच, अंग चिरलेलं, दांडा मात्र धड आणि बारीक. तो मी काढला. मागच्या बाजूला बारीक पॉलिश पेपर मारून अंगठ्याच्या जागेचं पॉलिश उडवलं, तेल चोळलं, परत घासलं. लांबडीच्या दांड्याच्या कडेला सुरांच्या खुणेचे ठिपके आहेत, त्यातला निघालेला एक हिने कधीतरी नेलपॉलिशने भरला होता. तोही करायचा होता. हिच्या कपाटात बाटली सापडली, घट्ट झालेली. दोन थेंब थिनर घालून हलवली.

मुलगी डबा घेऊन आली तेव्हा बाटली टेबलावरच होती.

"आईची नेलपॉलिश कशाला काढलीत, बाबा?"

"ठिपका भरायचाय. मावशीच्या दांड्याचा."

"अच्छा," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण नीट लावून ठेवलं. "मावशीला बरं वाटेल. जेवून घ्या आधी, आमटी गार होतेय."

मी जेवलो. काम चांगलं उतरलंय असंच मला वाटत होतं. दोन्ही दांडे शेजारी धरून पाहिले, मलाही पटकन ओळखू येईना. मग तो लांबडीच्या बेसवर चढवला, जाड दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाखाली सरकवला, आणि लांबडीला फोन केला.

ती दुसऱ्याच दिवशी आली. मुलगी डबे सोडवत तिथेच होती. लांबडीने पट्टा काढला, बेस मांडीवर घेतला आणि वाजवायला लागली. आधी जपून, मग जोरात.

"बसतोय हो भाऊजी! अंगठा बोलतच नाही काही." तिने मुलीकडे पाहिलं. "तुझ्या आईने जपलाय गं माझा दांडा. मला वाटलं होतं झिजवून काडी केली असेल."

मुलगी हसली. मीही हसलो.

लांबडीने बेस बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आता तिचा दाखवा. कितीतरी वर्षांनी तिचा दांडा तिच्या बेसवर आला असेल. मला बघायचाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अदलाबदल म्हटली की तिला दोन बाजू असतात. धंद्यात जन्म घालवून मी एकाच बाजूचं काम करून बसलो होतो.

"आत पसारा आहे," मी म्हणालो. "नंतर बघू."

"पसाऱ्याची मला कधीपासून लाज वाटायला लागली? तिच्या राज्यात काय कमी पसारा होता?"

"आहे ना मावशी, पलंगासमोर भिंतीवर," मुलगी म्हणाली. तिला काय माहीत.

लांबडी आत गेली. मी टेबलापाशी उभा राहिलो आणि उगाच स्क्रू डबीत भरू लागलो. आतून काहीच आवाज आला नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बाबा, काय केलंत?"

लांबडी बाहेर आली. स्टुलावर बसली नाही.

"भाऊजी, माझा दांडा तर आत भिंतीवर आहे. मग हा कुठला?"

"त्याच कारखान्याचा. माप तेच आहे. हाताला फरक लागणार नाही."

"नाहीच लागला. मी इथे खुळ्यासारखी खूश होऊन बसले." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि तो ठिपका?"

"मी भरला."

"आईच्या बाटलीतून," मुलगी हळू म्हणाली.

लांबडी म्हणाली, "दुकानात येणाऱ्या परक्या माणसालाही तुम्ही सांगता, हा दांडा मूळचा नाही, ही बटणं बदललीत म्हणून. मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला तेवढंही नाही?"

"मला तो द्यायचा नव्हता," मी म्हणालो.

"मग तसं म्हणायचं होतंत. 'लांबडे, तो राहू दे, तुला दुसरा लावून देतो.' मी नाही म्हणाले असते का? हा आनंदाने घेऊन गेले असते."

"मग आता म्हणतो."

"आता नाही," ती म्हणाली. "आता मला माझा पाहिजे."

मला राग आला. खरं सांगायचं तर तिचा नाही आला, आणि कोणाचा ते शोधायला वेळ नव्हता. मी आत गेलो, भिंतीवरून बेस उतरवला आणि टेबलावर आणून पालथा घालायच्या आधी तारा सैल करायला लागलो. चारही तारा उतरल्या. त्या मुलीने हातात घेतल्या, गुंडाळल्या आणि म्हणाली, "या आईच्याच बेसला परत लावायच्या."

मग स्क्रू. तीन सहज निघाले. चौथा अडला. मी जोर लावला तर ड्रायव्हर घसरून लाकडावर जाईल असं वाटलं. लांबडी पुढे आली आणि दोन्ही हातांनी बेस टेबलावर दाबून धरला.

"अंगठा सांभाळ," मी म्हणालो.

"तुम्ही स्क्रू सांभाळा."

स्क्रू निघाला. दांडा खाचेत इतका चिकटून बसला होता की हलवून हलवून सोडवावा लागला. सुटला तेव्हा कट्‌ आवाज झाला. खाचेतलं लाकूड कोरं होतं, बाकीच्या अंगापेक्षा उजळ.

टेबलाखालून वर्तमानपत्रातला जाड दांडा काढला आणि हिच्या बेसवर चढवला. मुलीने तारा दिल्या. मी त्या लावल्या, पण जुळवल्या नाहीत, आणि तो बेस मागे भिंतीला टेकवून ठेवला. मग लांबडीच्या बेसवरून माझी नक्कल उतरवून तिचा दांडा तिच्या बेसला लावला. तोवर मुलीने चहा ठेवला.

लांबडी बेस घेऊन बसली. दोन सूर वाजवले आणि थांबली. तारा दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना लागून खरखरत होत्या.

"हे काय, भाऊजी?"

"तुझा हात जड आहे," मी म्हणालो. "हिचं बोट हलकं होतं. तिला तारा अगदी खाली लागायच्या, म्हणून मी सळई आवळून दांडा पार सरळ ठेवला होता. तुझ्या ओढीला तो चालणार नाही."

"मग?"

"सळई सैल करावी लागेल. दांडा जरासा पुढे वाकला की तारांना जागा मिळते."

ती करा म्हणाली नाही, राहू द्या म्हणाली नाही. मांडीवर बेस तसाच धरून बसली. तिच्या अंगठ्याचा सांधा सुजलेला होता, आणि तो बरोबर त्या उघड्या लाकडावर टेकला होता.

मी दांड्याच्या टोकाशी चावी घातली आणि थोडी फिरवली.

"वाजव."

तिने वाजवलं. "अजून लागतंय. खालच्या तारेला."

पुन्हा फिरवली.

"आता?"

"आता बरंय. अजून जरासं जमेल का? शनिवारी मी आणखी जोरात ओढते."

हिच्या मांडीवर हा बेस असा ठेवला असता तर तिने दोन मिनिटांत परत दिला असता. मी चावी अजून थोडी सैल केली. लांबडीने खालची तार जोरात ओढली. सूर स्वच्छ आला आणि टेबलावरच्या डबीतले स्क्रू थरथरले.

"बास," ती म्हणाली. "असाच ठेवा."

मी चावी काढून घेतली.