दुपारची उत्तरं

कनिशायने सप्टेंबरमध्ये ऑनलाइन कोर्स घेतला तेव्हा तिच्या नवऱ्याला, जोमार्तला, वाटलं होतं की महिनाभर चालेल आणि थंडी पडली की आपोआप सुटेल. पण नोव्हेंबर आला, डोंगरावरचा बर्फ उतरत उतरत त्यांच्या काराकोल गावाच्या गल्ल्यांत येऊन बसला, तरी रोज सकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडलेलाच असायचा. शेजारी चहाचा वाडगा, आणि चहा कधीचा गार झालेला.

कनिशाय बँकेत कर्जांच्या अर्जांचं काम बघायची. वय एकतीस. युरोपातल्या एका बिझनेस स्कूलची शिष्यवृत्ती तिच्या मनात भरली होती. तिथे जायचं तर प्रवेश परीक्षा, आणि त्या परीक्षेतलं इंग्रजी तिच्यासाठी डाव्या हातचा मळ होता. लग्नाआधी चार उन्हाळे ती परदेशी गिर्यारोहकांबरोबर दुभाषी म्हणून हिंडली होती. घोडं अडायचं ते गणितापाशी. गणिताला नव्वदपैकी अठ्ठ्याहत्तर हवे होते. कोर्सने पहिल्याच दिवशी चाचणी घेऊन सांगितलं होतं की आजच्या घडीला तुमचे सदुसष्ट.

"एवढं शिकून करणार काय गं?" जोमार्तची आई कणीक तिंबता तिंबता विचारायची. "बँक विकत घेणार आहेस का?"

"घेईन ना, आपा. तुम्हाला दाराशी बसवीन. कर्ज बुडवणारे आले की लाटणं दाखवायचं."

आपा खो खो हसायची. घरात कोणाचा विरोध असा नव्हताच. शिष्यवृत्ती मिळाली तर जोमार्तही बरोबर जाणार होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं फ्रीज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलेले फ्रीज काय, सगळीकडेच असतात, असं तो म्हणायचा.

एका रविवारी कनिशाय बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती आणि धडा मोठ्या आवाजात लावून ठेवला होता. एक नळ रिकामी टाकी सहा तासांत भरतो, दुसरा भरलेली टाकी चार तासांत रिकामी करतो. टाकी भरलेली असताना दोन्ही नळ उघडले, तर ती किती वेळात रिकामी होईल?

"बारा," जोमार्त पुटपुटला.

"काय बारा?"

"बारा वाजत आले म्हटलं."

कनिशायने घड्याळाकडे पाहिलं. अकरा चाळीस झाले होते. झारा बाजूला ठेवून ती कागदावर आकडे मांडायला लागली. एक पान भरलं. दुसरं भरलं. बोरसोक करपले.

त्याने उत्तर उगाच गिळलं नव्हतं. ऑक्टोबरात एकदा त्याने असंच पटकन उत्तर सांगितलं होतं, तेव्हा कनिशायने लॅपटॉप मिटला होता आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. "मी दोन तास डोकं फोडतेय आणि तू जाता जाता सांगतोस?" एवढंच झोपताना म्हणाली होती. जोमार्तने राजधानीत, बिश्केकला, एक वर्ष भौतिकशास्त्र केलं होतं. मग वडील गेले आणि तो घरी परतला. त्या वर्षाबद्दल तो कधी बोलायचा नाही, आणि घरात कोणी विचारायचंही नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी कनिशायने नवा फोन घेतला आणि जुना जोमार्तला दिला. त्याचा स्वतःचा फोन दुकानात पाण्याच्या बादलीत पडला होता. जुन्या फोनवर कोर्सचं ॲप तसंच होतं, कनिशायच्या नावाने उघडलेलं.

हिवाळ्यात फ्रीज कोण दुरुस्त करून घेतो? दुपारी दुकानात माशी हलत नसे. एके दिवशी बाजारातून आणलेलं तिखटजाळ आशल्यान-फू खाता खाता जोमार्तने सहज ॲप उघडलं. नळाच्या प्रश्नाला आपलं उत्तर बरोबर होतं का, तेवढंच बघायचं होतं. तो प्रश्न काही सापडला नाही. दुसराच समोर आला. त्याने तो सोडवला. हिरवी खूण आली. मग आणखी एक. प्रश्न इंग्रजीत होते, पण गणिताला लागतात ते तीस-चाळीस शब्द घरात ऐकून ऐकून त्याला पाठ झाले होते. वाडग्यातले नूडल्स फुगून गेले तरी त्याचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारी दहा-पंधरा प्रश्न ठरूनच गेले. बरेच दिवस कुलूपबंद असलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसं त्याला वाटायचं. सोडवायचे, खूण बघायची, फोन खिशात. या खुणा कुठे जमा होत असतील, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

इकडे घरात काहीतरी विचित्र चाललं होतं. कनिशायचे अंदाजे गुण वाढत होते. एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर. आणि सकाळी टेबलाशी बसली की तिला एक प्रश्न सुटेना.

"दिवसेंदिवस अवघड होतायत रे," ती म्हणायची. "आधी निदान प्रश्न काय आहे ते तरी कळायचं."

"गुण वाढतायत ना पण?"

"तेच तर! मला काही येत नाही आणि गुण वाढतायत." तिने हसण्याचा प्रयत्न केला. "बहुतेक माझ्या नकळत मी हुशार होतेय."

दर शनिवारी अल्माटीहून कोर्सची मार्गदर्शक रुफिना व्हिडिओवर यायची. गोड बोलणारी, चष्मेवाली, जोमार्तपेक्षा लहानच. जानेवारीतल्या एका शनिवारी ती खुशीत दिसली. जोमार्त चहा घेऊन आत येत होता.

"कनिशाय, मी तुमचे सगळे आकडे बघितले. तुमची गंमत सांगू? सकाळची तुमची उत्तरं बेताचीच आहेत. पण दुपारी एक ते तीन! दुपारी तुम्ही वेगळ्याच कोणी असता. अवघडातले अवघड प्रश्न दीड मिनिटात सोडवता."

"दुपारी? मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत करते थोडे, पण..."

"तेच ते! सकाळी तुमच्यावर घरकामाचा ताण असतो. तुम्ही दुपारचं माणूस आहात. परीक्षा दुपारची घ्या आणि तारीख आत्ताच ठरवून टाका. ॲपही बघा ना, तुमची दुपारची पातळी बघूनच प्रश्न देतंय."

जोमार्त चहा हातात घेऊन दारातच थांबला. ते अवघड प्रश्न त्याच्यामुळे येत होते. रोज दुपारी तो एक एक पायरी चढत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप कनिशायला त्याच पायरीवर नेऊन उभं करत होतं. मधल्या पायऱ्या तिला दिसल्याच नव्हत्या.

"ऐकलंस?" कनिशाय वळली. तिचा चेहरा इतका उजळला होता की तसा त्याने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "मी दुपारची आहे! म्हणून मला सकाळी जमत नाही. आणि मी वेडी समजत होते, आपल्याला डोकंच नाही."

"कनिशाय, ऐक ना..."

"आपा! आपा, इकडे या, मी काय सांगते ते ऐका!"

जोमार्तने चहा टेबलावर ठेवला. संध्याकाळी सांगू, असं तो मनाशी म्हणाला. संध्याकाळी कनिशायने परीक्षेची जागा नक्की केली होती. बिश्केक, फेब्रुवारीचा शेवटचा गुरुवार, दुपारी साडेबारा.

जोमार्तने ॲप उघडणं बंद केलं. आपण हात काढून घेतला की सगळं आपोआप खाली येईल, प्रश्न सोपे होतील, तिची गाडी रुळावर येईल, असा त्याचा हिशोब. ॲप खाली आलं खरं. पण त्याआधी गुण खाली आले. जानेवारीत अठ्ठ्याहत्तरला टेकले होते, त्यांचे शहात्तर झाले, मग चौऱ्याहत्तर. कनिशाय आता मुद्दाम दुपारी बसायची, बँकेच्या मागच्या खोलीत दार लावून. आणि दुपारीही तिला एक प्रश्न सुटत नव्हता.

"भीती आहे ती, दुसरं काही नाही," रुफिना म्हणाली. "तारीख जवळ आली की होतं असं. तुम्हाला येतंय, हे आकडेच सांगतायत. स्वतःवर विश्वास ठेवा."

कनिशायचं जेवण सुटलं. एका सकाळी जोमार्त जागा झाला तर ती टेबलाशी बसून एकाच प्रश्नाकडे बघत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं.

"कुठे गेलं रे ते?" ती म्हणाली. "होतं ना माझ्याकडे? एक महिन्यापूर्वी होतं."

तो समोर बसला. तिचे दोन्ही हात धरले. "तुला एक सांगायचंय."

"आज नको. काहीही असेल, आज नको. आणखी एक वाईट गोष्ट ऐकली तर मी मोडेन." मग तिने डोळे वर केले. "वाईटच आहे ना?"

"दुकानाचं आहे," तो म्हणाला. "फारसं काही नाही."

त्या दिवशी दुपारी जोमार्तने दुकानाचं दार आतून लावलं, जुना फोन काढला आणि अकरा प्रश्न सोडवले. अकराच्या अकरा बरोबर. आपण हे काय करतोय ते त्याला कळत होतं. पहिल्या वेळी कळत नव्हतं, आता पुरतं कळत होतं. संध्याकाळी कनिशाय बँकेतून आली ती पायांतले बूटही न काढता थेट स्वयंपाकघरात. "पंचाहत्तर झाले," ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी दोन वाट्या सूप प्यायली. ती जेवतेय हे बघून आपाने जोमार्तच्या पाठीवर थाप मारली, जणू त्यानेच काही केलं होतं.

परीक्षेच्या दिवसापर्यंत गुण एकोणऐंशीवर गेले होते.

बिश्केकला ते आदल्या दिवशी गेले आणि कनिशायच्या मावसबहिणीकडे उतरले. सहा-सात तासांच्या प्रवासात, मोठ्या तळ्याच्या कडेने, जोमार्तने तीनदा तोंड उघडलं. एकदा ड्रायव्हरने गाणी लावली. एकदा शेजारच्या बाईने कुरुत, वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या, पुढे केलं. तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही. कनिशाय त्याच्या खांद्यावर डोकं टेकून शांत झोपली होती, आणि तिला उठवून हे सांगण्याची त्याची छाती झाली नाही. आता सांगून तरी काय होणार होतं? शुल्क भरलेलं, तारीख उद्याची. कदाचित जमेलही, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

परीक्षेची इमारत काचेची होती. दाराशी कनिशायने कोट त्याच्याकडे दिला. "साडेबारा," ती म्हणाली. "माझी वेळ."

तीन तास तो समोरच्या फुटपाथवर तिचा कोट कवटाळून उभा राहिला. पहारेकऱ्याने दोनदा आत येऊन बसा म्हटलं, पण तो गेला नाही.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. चेहऱ्यावर नुसतं नवल होतं, रोजच्या रस्त्याने निघालेला माणूस भलत्याच गावात पोचावा तसं.

"पडद्यावर लगेच गुण आले. गणिताला अडुसष्ट," ती म्हणाली. "जोमार्त, प्रश्न सोपे होते. कोर्सच्या मानाने सोपे. आणि मला ते येत नव्हते. असं कसं होईल?"

तेव्हा त्याने सांगितलं. रस्त्यावरच, ट्रॉलीबसच्या खडखडाटात. जुना फोन, रिकाम्या दुपारी, रुफिनाचा शनिवार, सगळं. अकरा प्रश्नांचंही सांगितलं. तेही लपवलं असतं तर चाललं असतं, पण आता त्याला थांबता येईना.

तो थांबला तेव्हा कनिशायने त्याच्या हातातून कोट घेतला, घातला, सगळी बटणं लावली.

"सगळे तू सोडवलेस? ते शेवटचे, अवघडवालेसुद्धा?"

"हो."

"मजा यायची?"

खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. "यायची," तो म्हणाला.

तिने मान हलवली. "माझं काय चुकतंय ते शोधत होते मी दोन महिने. रोज. आणि तू समोर बसून चहा पीत होतास."

"मी तुला शिकवतो. उद्यापासून. अर्जाची तारीख मार्चअखेर आहे, पुन्हा बसता येईल, मी रोज..."

"नको. तू शिकवायला बसलास तर त्यातलं माझं कुठलं आणि तुझं कुठलं, ते मला कधीच कळणार नाही."

परतीच्या गाडीत कनिशाय पुढच्या सीटवर बसली.

घरी आपाने विचारलं तेव्हा कनिशाय एवढंच म्हणाली की गणित जमलं नाही. नवऱ्याचं नाव तिने कोणापुढेही घेतलं नाही, रुफिनापुढेही नाही. रुफिनाने पुढचे तीन शनिवार फोन केला, धीर दिला, पुन्हा बसा म्हणाली. जोमार्तला वाटायचं, एकदा तरी हिने माझं नाव घ्यावं, चारचौघांत घ्यावं, ओरडावं. तसं झालं नाही. मार्चअखेर आली आणि गेली.

मे महिन्यात बँकेने तीन तासांवरच्या बालिकचीच्या शाखेत एक जागा काढली, कनिशायने अर्ज केला आणि तिला ती मिळाली. सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं. पहिल्या सोमवारी जोमार्त तिची बॅग उचलून टॅक्सीच्या तळापर्यंत गेला. चौथं गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी सुटणार नव्हती, म्हणून दोघं उन्हात उभे राहिले.

"शुक्रवारी घ्यायला येऊ?" त्याने विचारलं.

"ये," ती म्हणाली. मग टॅक्सीकडे बघत, "उशीर झाला तर घरी जा. वाट बघत बसू नकोस."

चौथं गिऱ्हाईक आलं, हातात कोंबडीच्या पिल्लांची पेटी घेतलेला एक म्हातारा. कनिशायने सरकून त्याला जागा दिली आणि पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली. गाडी हलली. जोमार्तने हात वर केला. पेटीतली पिल्लं बघता बघता ती त्या म्हाताऱ्याला काहीतरी विचारत होती, आणि तो हसून उत्तर देत होता.