दारापेक्षा उंच

मी एक जुनी, बुटकी, गोल नाकाची कॅम्पर गाडी आहे. बुटकी हा शब्द मी आपला सवयीनं वापरला. मधली दोन वर्षं मी चांगली उंच होते, आणि त्या उंचीनंच माझा घात केला. पण मित्रांनो, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी काहीतरी बरळतेय.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या नशिबात सहली वगैरे काही नव्हत्या. मला एका लाँड्रीनं घेतलं. सकाळी दवाखान्यातल्या मळक्या चादरी आणायच्या, संध्याकाळी धुतलेल्या पोचवायच्या. अकरा वर्षं हेच केलं. त्या अकरा वर्षांत माझ्या काचेवरून कुणी प्रेमानं फडकं फिरवलं असेल तर शपथ. लाँड्री बंद पडली आणि मला भंगारात काढायचं ठरलं. शेजारीच एका शिंप्याचं दुकान होतं. तो मला रोज येता-जाता बघायचा. तो मालकाशी बोलला आणि मला घरी घेऊन आला. त्याच्या दोन्ही मुली त्याला बाबा म्हणायच्या, म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबांचा एक स्वभाव आधीच सांगून ठेवते. माप घेतल्याशिवाय हा माणूस पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही. गळ्यात टेप कायमची. मला घरी आणल्यावर पहिले आठ दिवस त्यांनी एक खिळा ठोकला नाही, नुसती मापं घेतली. मग माझ्या पोटात बाक बसले, बाकांचे बिछाने होऊ लागले, दोन बर्नरची शेगडी आली, भिंतीला मिटणारं टेबल आलं. सुटाच्या उरलेल्या कापडाचे पडदे शिवले, एक करडा, एक काळा, एक रेघारेघांचा. चादरी वाहणारी मी, मला पडदे लागले! मी इतकी मिरवले की विचारू नका.

मग सुरू झाल्या आमच्या सहली. आई पोस्टात होती, त्यामुळे गावांची नावं, रस्ते, फाटे सगळं तिला तोंडपाठ. ती शेजारी बसली की बाबांना रस्ता विचारायला कधी खाली उतरावं लागलं नाही. कधी जंगलाच्या कडेला, कधी टेकडीवर, आणि वर्षातून दोनदा तरी तळ्यावर. तळं घरापासून दीड तासावर होतं आणि ते आईचं सगळ्यात आवडतं. तिथं पोचलं की ती चहा टाकायची, कप घेऊन माझ्या पायरीवर बसायची आणि तासभर कुणाशी बोलायची नाही. मुलींनाही ते माहीत होतं, त्या तेवढा वेळ भांडणं पुढे ढकलायच्या.

आत जागा किती, तर झोपायचा क्रम ठरलेला. आधी धाकटी वरच्या झोळीत, मग थोरली, मग आई, आणि शेवटी बाबा. त्यांना हात हलवायला जागा उरायची नाही, म्हणून ते दार पायानं ओढून घ्यायचे. धाकटीला मध्येच बाहेर जायचं असलं की सगळ्यांना उलट्या क्रमानं उतरावं लागायचं. मग चिडचिड, मग हसणं. माझं छप्पर इतकं खाली की आत कुणालाच सरळ उभं राहता येत नव्हतं. पण तेव्हा सगळ्यांच्या कमरा धड होत्या, कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

दिवस गेले. थोरलीचं लग्न झालं. ती आणि जावई याच घरात राहणार होते, म्हणून माझ्या शेडवर त्यांच्यासाठी खोली चढवली. शेडला नवा स्लॅब पडला आणि तो पेलायला दारावर जाडजूड तुळई बसली. माझी ये-जा तिच्याखालून आरामात व्हायची. धाकटी शिकायला दुसऱ्या शहरात गेली. आणि मग आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, चाला, फिरा, प्रवास करा, पण वाकायचं नाही. आता माझ्यात तर वाकल्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी घरी बरी आहे." बाबा एकटे कसले जाताहेत? मी शेडमध्ये उभी राहिले.

एके दिवशी बाबा आले आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग गेले आणि आईला म्हणाले, "जरा सरळ उभी राहा बघू." आईला वाटलं, ब्लाउज शिवताहेत. त्यांनी तिची उंची घेतली, अंबाड्यासकट आणि चपलांसकट. वर शिंपी कापडात सोडतात तशी चार बोटं माया सोडली. शेडच्या जमिनीपासून स्लॅबपर्यंत माप घेतलं, भरपूर जागा होती. मग कामाला लागले. माझं जुनं छप्पर काढलं, ओळखीच्या वेल्डरला बोलावून लोखंडी सांगाडा जोडला, वर पत्रा चढवला. शेगडी आईच्या हाताला येईल अशी उचलली, आरसा तिच्या डोळ्यांसमोर येईल असा लावला, चढताना धरायला दांडा बसवला. चार महिने शेडला कुलूप. आईनं विचारलं की म्हणायचे, "तुला काय करायचंय? कळेल."

एका शनिवारी काम संपलं. बाबांनी जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं, "उद्या सकाळी तळ्यावर जायचं. आईसुद्धा येणार." घरातून मला टाळ्या ऐकू आल्या. दुपारी ते एकटेच आले, मला पुसून काढलं, सुरू केलं आणि मागे घेतलं.

धाड!

माझं नवंकोरं छप्पर तुळईवर आदळलं. बाबा उतरले. त्यांनी टेप काढली आणि तुळईचं माप घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. मित्रांनो, माप तीनदा घेतलं म्हणून तुळई वर सरकत नाही. स्लॅबपर्यंत जागा होती, पण तुळई स्लॅबच्या खाली उतरलेली होती, आणि मी तिच्यापेक्षा एक वीत न् वर चार बोटं उंच झाले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या खांद्याचं, कमरेचं, मनगटाचं माप घेणारा माणूस दाराचं माप घ्यायला विसरला होता.

ते माझ्या पायरीवर बसले. मग पुढे घेऊन मला जागेवर लावलं, कुलूप घातलं आणि घरात जाऊन म्हणाले, "गिअर अडकलाय. पुढच्या रविवारी बघू."

तो पुढचा रविवार दोन वर्षं आलाच नाही. कधी रंग वाळायचा होता, कधी टायर मिळत नव्हते, कधी दुकानात कामं तुंबली होती. बाबा येऊन डोकं चालवायचे नाही असं नाही. चाकांतली हवा काढून बघितली, दोन बोटं कमी झाली. जमीन खणावी तर खालून सगळ्या घराचा पाइप गेलेला. तुळई फोडावी तर वर लेक, जावई आणि आता एक तान्हं बाळ. एकच वाट होती, छप्पर कापायचं, मला बाहेर काढायचं आणि अंगणात नवं करायचं. फार तर पंधरा दिवसांचं काम. पण त्यासाठी वेल्डरला सांगावं लागणार, जावयाला कळणार, गल्लीभर होणार, की मापाच्या पक्क्या शिंप्यानं दारच मोजलं नाही. बाबांच्या जिवावर यायचं. हळूहळू ते उपाय शोधायला शेडमध्ये यायचेच बंद झाले.

आणि मी? माझी बॅटरी उतरली. टायरांना भेगा पडल्या. घरातल्या नकोशा वस्तू बाबाच दार किलकिलं करून माझ्यात कोंबायचे, फुटक्या बॅगा, रद्दीचे गठ्ठे, बंद पडलेला पंखा. उंदरांनी गादीत बाळंतपणं केली. एका झरोक्यातून थोडं ऊन यायचं, ते दुपारी माझ्या बोनेटवर टेकायचं आणि निघून जायचं. बाळ रांगायला लागलं ते मला वरच्या फरशीतून कळलं, चालायला लागलं तेही. मला त्या अंधाराची चीड यायची, बाबांची यायची, त्या तुळईची तर फारच. पण हे सगळं मी सोसलं असतं.

जे सोसवेना ते वेगळंच होतं. शेडच्या भिंतीपलीकडे कपडे वाळत घालायची दोरी होती. एकदा थोरली आईला म्हणाली, "बाबा हल्ली सहलीचं नावच काढत नाहीत गं." आईनं ओली चादर दोरीवर टाकली. मग म्हणाली, "त्यांचंही बरोबर आहे. माझं हे लोढणं घेऊन कुठे फिरणार? दर अर्ध्या तासाला थांबा, धरून उतरवा. पहिल्यांदा उत्साहानं म्हणाले असतील, मग विचार केला असेल. मी मुद्दाम विषय काढत नाही, त्यांना अवघडल्यासारखं होईल."

मित्रांनो, मी एक भिंत सोडून उभी होते. तिच्या उंचीचं छप्पर माझ्या डोक्यावर होतं. मला ओरडून सांगायचं होतं, अगं बाई, आत ये आणि बघ. हॉर्न वाजवीन म्हटलं तर बॅटरीत जीव नाही. तिनं शेवटची चादर झटकली, चिमटे लावले आणि ती आत गेली. मला कोंडल्याचं दुःख मला त्या दिवशी खरं कळलं.

त्यानंतर आई तळ्याचं नाव काढीना आणि बाबाही काढीनात. दोघं एकमेकांना जपत होते आणि दोघंही झुरत होते. मी मूग गिळून उभी.

शेवटी पाइपच फुटला. शेडमध्ये पाणी साचलं, प्लंबर आला. बाबा दुकानात होते, म्हणून आईनं किल्ली मागवून घेतली आणि कुलूप काढलं. प्लंबरनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे.

"काकू, ही गाडी आत आली कशी? दारापेक्षा उंच आहे की."

बघा, जे दोन वर्षं लपवलं ते त्या माणसाला पान्हा हातात घ्यायच्या आधी दिसलं. आई म्हणाली, "ती बुटकी आहे हो." आणि मग तिनंही बघितलं.

ती पाण्यातून माझ्यापाशी आली. दांडा तिच्या बरोबर हाताशी आला. ती चढली. वाकायच्या तयारीनं तिनं मान खाली घातली होती, ती हळूहळू वर केली. डोकं कुठेच लागलं नाही. रद्दीचे गठ्ठे बाजूला सारून ती शेगडीपाशी गेली, शेगडी तिच्या कमरेला बरोबर. आरशावरची धूळ पदरानं पुसली, तर समोर तिचाच चेहरा. हात वर करून तिनं छपराला बोटं टेकवली. प्लंबरनं विचारलं, "काकू, काम सुरू करू ना?" तिला ऐकू गेलं नाही.

बाबा जेवायला घरी आले तेव्हा शेड उघडी आणि आई माझ्यात उभी. ते दारातच थबकले.

"हे कधी केलंत?" आईनं विचारलं.

"दोन वर्षं झाली." बाबांची नजर जमिनीवर. "दाराचं माप घ्यायचं राहिलं गं. मी शिंपी माणूस. कुणाला सांगणार?"

"मला."

"तू हसली असतीस."

"हसलेच असते," आई म्हणाली. "पोट धरून हसले असते आणि दुसऱ्या दिवशी वेल्डरला बोलावलं असतं. त्याऐवजी दोन वर्षं मला वाटत होतं, की तुम्हाला मी बरोबर नकोय."

बाबा पाण्यात तसेच उभे राहिले. मग ते माझ्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. प्लंबर बिचारा बादली घेऊन उगाचच बाहेर गेला.

वेल्डर आला आणि व्हायचं तेच झालं. तो हसला, जावई हसला, धाकटी फोनवर हसली. ते हसणं चहा होईपर्यंत टिकलं, चहानंतर सगळे कामाला लागले. गल्लीतही दोन दिवस चर्चा झाली, तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. या एवढ्याशा हसण्याला बाबा दोन वर्षं घाबरले होते.

छप्पर कापताना दुखलं, खोटं कशाला बोलू? पण कापलं आणि मला ढकलत उन्हात आणलं, तेव्हा इतकं ऊन एकदम अंगावर आलं की मला काही सुचेना. उंदरांची गादी फेकली, टायर नवे आले, बॅटरी आली. बाबा म्हणाले, "नवं छप्पर पंधरा दिवसांत करतो. मग जाऊ." आई तोपर्यंत पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. पाठीमागे उशी, मांडीवर पिशवी.

"छप्पर मागाहून करा," ती म्हणाली. "आता आणखी एक रविवार मी थांबणार नाही."

आम्ही तसेच निघालो, मी उघडीबोडकी. सिग्नलला लोक बघत होते, बघोत बापडे. दीड तासाचा रस्ता, पण आईसाठी चारदा थांबलो. बाबांनी चारही वेळा तिला धरून उतरवलं. तळ्यावर पोचल्यावर ती माझ्या आत शेगडीपाशी ताठ उभी राहिली आणि तिनं चहा टाकला. कप घेऊन बाबा बाहेर दगडावर बसले आणि तासभर कुणीच काही बोललं नाही.

मित्रांनो, जुन्या गाड्यांची काळजी घ्या, त्यांना उन्हात काढा, त्यांच्यात रद्दी भरू नका, हे तर मी सांगणारच. पण माझं मागणं त्याहून थोडं जास्त आहे. तुमच्या घरातही कुणीतरी एखादी चूक कुलूप लावून ठेवली असेल, आणि त्या कुलपापायी दुसरं कुणीतरी मनात भलतंच धरून बसलं असेल. दोघांनाही तुम्ही रोज बघत असाल. मी दोन वर्षं सगळं बघत होते, सगळं ऐकत होते, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.