मुलगा चांगला बसेल

विणकरीणबाईंच्या घरात माणसांपेक्षा माग जास्त होते. पुढच्या खोलीत दोन, मधल्या खोलीत एक आणि स्वयंपाकघरात सासऱ्यांच्या वेळचा चौथा, ज्याच्यावर आता फक्त कपडे वाळत. पाहुणे आले की त्यांना बसवायचं कुठे, हा नेहमीचा पेच. त्या सकाळच्या पाहुण्यांनी मात्र तो पेच येऊच दिला नाही. ते बसलेच नाहीत. मेंढपाळीण काठीला टेकून उभी राहिली, तिचा नवरा दाराच्या चौकटीला टेकून. ज्याच्या लग्नाची बोलणी होती, तो त्यांचा मुलगा तेवढा मागाजवळच्या स्टुलावर जाऊन टेकला. कळपात तो कायम सगळ्यांच्या शेवटी चालायचा, म्हणून त्याचे लोक त्याला गोगलगाय म्हणत.

विणकरीणबाईंची एकुलती एक मुलगी भिंगरी. हे नाव आईनेच ठेवलेलं. तिला मागावर बसवायचं तर एकाने धोटा हातात द्यावा आणि दुसऱ्याने तिला धरून ठेवावं.

दरवर्षी लोकर कातरायच्या दिवसांत मेंढपाळांचा कळप गावाबाहेरच्या पडीक रानात उतरायचा आणि लोकर या घरी यायची. लोकरीबरोबर आणखीही काही ये-जा करतंय हे सगळ्या गल्लीला दिसलं, विणकरीणबाईंना सर्वांत शेवटी. मुलगा त्यांनाही आवडला होता. प्रश्न एकच होता, लग्नानंतर दोघांनी राहायचं कुठे? भिंगरी वर्षातले दहा महिने डोळ्यांआड होणार, या नुसत्या विचाराने त्यांच्या हातून ताण्याचे धागे तुटत होते.

मेंढपाळीण बोलायला मोकळी होती. "काळजी नको बाई. पोर आमच्यात आली की बघा, महिन्याभरात कशी सुटेल!"

विणकरीणबाईंचा चेहरा पडला. त्यांच्या घरात गाठ सुटे, वीण सुटे, फार तर नवऱ्याचं पोट सुटे. लग्नाच्या बोलण्यात पोरगी सुटेल म्हणजे काय? महिन्याभरात माहेरी परत? त्यांनी राग गिळला, पण उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

"त्यापेक्षा मुलालाच आमच्याकडे राहू द्या ना," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडे तो चांगला बसेल. असा बसेल, की पुन्हा उठायचं नाव घेणार नाही!"

मेंढपाळिणीने काठी उचलली, मुलाच्या दंडाला धरून त्याला स्टुलावरून ओढलं आणि ती बाहेर पडली. तिचा नवरा जाता जाता एवढंच म्हणाला, "शत्रूलाही असं बोलत नाहीत, बाई."

"मी काय वाईट बोलले?" विणकरीणबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मला तर चांगलंच वाटलं," नवरा म्हणाला. "पण मी तुझं बोलणं इतकी वर्षं ऐकतोय. मला सवय आहे."

भिंगरी माळ्यावरच्या खिडकीतून ओरडली, "आई! ते राहुट्या उतरवताहेत!"

त्यांचा मुक्काम उठला की तो थेट पुढच्या वर्षी. आणि एवढं दुखावून गेलेली माणसं पुढच्या वर्षी दुसऱ्या गावची वाट धरतील, हे कोणी सांगायला नको होतं. भिंगरी जिना उतरून आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर परवडलं असतं. ती आईकडे नुसती बघत राहिली.

विणकरीणबाईंनी खांद्यावर शाल टाकली, पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या. मागोमाग भिंगरी आणि तिचे वडीलही.

रानात निम्म्या राहुट्या घड्या होऊन जनावरांच्या पाठीवर चढल्या होत्या. मेंढपाळिणीने त्यांना पाहिलं आणि पाठ फिरवली.

"आता काय राहिलंय बोलायचं?"

"बाई, मी चुकले असेन तर सांगा तरी काय..."

एवढ्यात कळपाच्या टोकाकडून हाक आली, "बसली! बसली! पांढरी बसली!"

मेंढपाळीण सगळं टाकून धावली, विणकरीणबाईही धावल्या. एक गाभण मेंढी पाय पोटाखाली घेऊन पडली होती, मान जमिनीला लागलेली. गोगलगाय तिच्या तोंडात साखरेचं पाणी सोडत होता.

"ऊठ गं माझी बाई, ऊठ," मेंढपाळीण तिला विनवत होती. "बसलेलं जनावर उठलं नाही तर गेलंच म्हणायचं."

विणकरीणबाई जागच्या जागी थबकल्या. बसलेलं जनावर. आमच्याकडे असा बसेल की पुन्हा उठायचं नाव घेणार नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला.

"अगं आई गं! मी तुमच्या मुलाला काय बोलले!"

"कळलं ना आता?"

"अहो, आमच्याकडे बसणं चांगलं असतं! जम बसतो, घडी बसते, बस्तान बसतं. मला म्हणायचं होतं, त्याचं भलं होईल!"

मेंढपाळीण डोळे बारीक करून बघत राहिली. "आणि मी पोर सुटेल म्हणाले तर तुमचं तोंड का उतरलं? वासरू दाव्याचं सुटलं की कसं उधळतं! पोर खुशीत येईल, असं म्हणत होते मी!"

"मला वाटलं, नवऱ्यापासून सुटेल!"

आधी मेंढपाळिणीला हसू फुटलं, मग विणकरीणबाईंना, आणि मेंढीने खाली पडल्या पडल्या एक केविलवाणं बें केलं.

"हसताय काय? धरा!" गोगलगाय ओरडला.

विणकरीणबाईंनी शाल काढली आणि मेंढीच्या पोटाखालून सरकवली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं मेंढपाळिणीच्या. "एक... दोन... उचला!" पहिल्या वेळी मेंढीऐवजी विणकरीणबाईच खाली आल्या. दुसऱ्या वेळी मेंढीचे पाय थरथरले, टेकले, आणि ती उभी राहिली. मग शालीवर लेंड्या टाकून चालूही लागली.

"जगली!" मेंढपाळीण म्हणाली. "विहीणबाई, हात चांगला आहे तुमचा."

विहीणबाई! भिंगरीने शेजारी उभ्या असलेल्या गोगलगायीला कोपराने एवढं जोरात ढोसलं, की तो कळवळला.

"पण राहायचं कुठे, ते ठरू दे," विणकरीणबाई धूळ झटकत म्हणाल्या.

"आमच्यात," मेंढपाळीण.

"आमच्यात," विणकरीणबाई.

"मला मागावर काम करायचंय," गोगलगाय हळूच म्हणाला. "चालायचा कंटाळा आलाय."

"आणि मला चालायचंय," भिंगरी म्हणाली. "घरात मला कोंडल्यासारखं होतं."

दोन्ही आयांचे कमरेवरचे हात खाली आले.

"म्हणजे आम्ही एकमेकींशी भांडत होतो ते कशासाठी?" मेंढपाळिणीने विचारलं.

"पोरांची अदलाबदल करून टाका," भिंगरीचे वडील म्हणाले, "आणि लग्नाचा त्रासच नको."

"बाबा!"

मग बरंच भांडण झालं, पण त्यात राग नव्हता. भिंगरीचा आवाज मोठा असल्याने दोघांनी पहिली फेरी कळपाबरोबर करायची ठरली. परत आल्यावर गोगलगायीला पुढच्या खोलीतला एक माग, आणि तो कोणी हलवायचा नाही.

लग्न लागलं तेव्हा उतरवलेल्या राहुट्या पुन्हा उभ्या झाल्या होत्या. कळप निघाला त्या सकाळी विणकरीणबाई मुलीला वेशीपर्यंत पोचवायला म्हणून गेल्या. भिंगरी सगळ्यांत पुढे, उधळल्यासारखी. जावई सगळ्यांत मागे, म्हणून सासूही मागे. चालता चालता दोघांचं बोलणं रंगलं. लोकर किती पिंजावी, पीळ कितपत द्यावा, ताणा कसा ओढावा. तो विचारत होता आणि त्या सांगत होत्या. भिंगरीने आईला असं काही कधी विचारलंच नव्हतं. ओढा मागे पडला, टेकडी मागे पडली, ऊन डोक्यावर आलं.

दुपार कलली तेव्हा मागून सायकलची घंटा वाजली. विणकरीणबाईंचा नवरा घामाघूम होऊन पॅडल मारत येत होता.

"अगं, वेशीपर्यंतच जाते म्हणाली होतीस ना?"

विणकरीणबाईंनी चपला हातात घेतल्या होत्या, आणि पाय धुळीने पांढरे झाले होते.

"इथल्या कोणालाच वेस कुठे असते ते माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सायकल ढकलत या तुम्हीपण. जावयाला अजून वीण सांगायची राहिलीय."